‘शांत हो’ म्हणण्याआधी : ऑटिझम असलेली किशोरवयीन मुलं आणि भावनांचं नियमन

मागच्या वेळी आपण लहान मुलांबद्दल बोललो. शेवटी एक आई उठून म्हणाल्या, “आमचा आता लहान नाही हो. सतरा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा उंच. चिडला की मला आवरत नाही.” आजचं व्याख्यान त्या एका वाक्यावर आहे.

पाच वर्षांच्या मुलाला आपण उचलून बाजूला नेतो, कुशीत घेतो, आवडती वस्तू हातात देतो. म्हणजे त्याच्या भावना आपण बाहेरून सांभाळत असतो. सतराव्या वर्षी हे जमत नाही. कॉलेजात, बसमध्ये, पुढे नोकरीच्या जागी आई सोबत नसते. ते सांभाळणं हळूहळू त्याच्या स्वतःच्या हाती जायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू. भावनांचं नियमन म्हणजे भावना दाबणं नव्हे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी यातला फरक नीट मांडला आहे. राग आला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, हे झालं दडपणं. घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या बाजूने पाहणं, हा दुसरा मार्ग. दडपल्याने माणूस बाहेरून शांत दिसतो, पण आतला ताण जात नाही. आपली बरीच मुलं दिवसभर हेच करतात आणि घरी येऊन फुटतात. शाळा म्हणते, “आमच्याकडे तर अगदी शहाणा असतो.” शाळाही खरं बोलते आणि तुम्हीही.

आता हे अवघड का जातं, ते बघू. समजा, मुलगा लोकलची वाट पाहतोय. चार नंबरची गाडी सहा नंबरवर येणार, अशी ऐनवेळी घोषणा होते. धावपळ, धक्के, भोंगे. त्याची छाती धडधडते, कान तापतात, मुठी आवळल्या जातात. पण ‘मी घाबरलोय’ हे त्याला कळत नाही. कळेपर्यंत ओरडून झालेलं असतं. आपली भावना ओळखून तिला नाव देता न येणं, याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या व्यक्तींमध्ये ते आढळतं. अशा वेळी ‘शांत हो, शांत हो’ हा त्या गोंगाटात पडलेला आणखी एक आवाज असतो, बाकी काही नाही.

म्हणून उपचारांची सुरुवात आवरण्यापासून नाही, ओळखण्यापासून होते. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या कार्ला मॅझेफ्स्की आणि त्यांच्या सहकारी सुसान व्हाइट यांनी ‘ईझ’ नावाचा उपचारक्रम तयार केला. 16 सत्रं, एक थेरपिस्ट आणि एक मुलगा किंवा मुलगी. याचा पाया आहे माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता मनात आणि शरीरात काय चाललंय, ते चांगलं-वाईट न ठरवता पाहणं. मग ताण सोसण्याच्या, स्वतःला सावरण्याच्या युक्त्या आणि विचार बदलून बघणं. त्यांचा पहिला अभ्यास 20 किशोरवयीन मुलांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बदल चांगला दिसला, पण एवढ्यावरून हमी देता येत नाही. शिवाय हा क्रम बोलू शकणाऱ्या, बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलांसाठी बेतलेला आहे, हेही लक्षात ठेवा.

यातलं घरी काय करता येईल? एक ते पाच अशी पट्टी करा. एक म्हणजे निवांत, पाच म्हणजे स्फोट. ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका. ‘पोटात काय होतंय? हात कसे आहेत?’ असं विचारा. आणि आपलाही आकडा सांगा : “आज ऑफिसात वाद झाला, माझा तीन आहे.” श्वासाचा व्यायाम, थंड पाणी, हेडफोन, जे काही असेल त्याचा सराव आकडा एक-दोन असतानाच करायचा. पोहायला आपण विहिरीत पडल्यावर शिकतो का? पाचवर गेल्यावर काही शिकवायचं नाही. बोलणं कमी, दिवे मंद, गर्दी दूर, इजा होणार नाही एवढं बघायचं. चर्चा दुसऱ्या दिवशी.

आणि हो, वागणं अचानक बिघडलं तर आधी दुखणं शोधा. दात, पोट, कान, झोप, नवं औषध. ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांच्या बाबतीत तर नक्कीच. मरणाचे विचार बोलून दाखवले किंवा स्वतःला इजा केली, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 14416 ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइनही आहे.

(श्रोत्यांमधून प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. ताण आला की हात हलवते, पुढे-मागे डोलते. लोक बघतात. हे थांबवायचं का?)

तिला किंवा दुसऱ्याला इजा होत नसेल, तर नाही. ताई, हेच तर तिचं नियमन आहे. ते तिने स्वतः शोधलंय, कोणी शिकवलेलं नाही. ते काढून घेतलंत, तर तिच्या हाती काय उरेल? तिला एवढंच विचारा, की हात हलायला लागले तेव्हा आकडा किती होता. दोन असेल, तर तिला वेळेवर कळायला लागलंय. लोकांच्या नजरा आपण सांभाळू.