थळचा हरी, चरीचा संप आणि चार खर्डे

कादंबरीचा नवा खर्डा करणे म्हणजे भाषा घासूनपुसून लख्ख करणे, असा सर्वसाधारण समज आहे. कुमार वाचकांसाठी लिहिताना मात्र भाषेची पाळी शेवटी येते. त्याआधी ठरवावे लागते ते हे, की मोठ्यांच्या लढ्यात मुलाच्या हाती नेमके काय आहे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकरी संपावरील माझ्या कुमार कादंबरीचा चौथा खर्डा सध्या चालू आहे. या कामात आमच्याच किनाऱ्यावरच्या एका पुस्तकाचा मला फार उपयोग झाला.

अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ ही इंग्रजी कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्याचा ‘गार्डियन’ पुरस्कार मिळाला. तिच्यातले गाव म्हणजे अलिबागजवळचे थळ. गाव खरे आहे, पात्रेही तिथल्या माणसांवरून घेतली आहेत, फक्त नावे बदलली आहेत, असे लेखिकेने आरंभीच सांगून टाकले आहे. बारा वर्षांचा हरी, तेरा वर्षांची लीला, दोन धाकट्या बहिणी, अंथरुणाला खिळलेली आई आणि दारूत बुडालेला बाप, असे हे घर.

त्या काळात थळ-वायशेतच्या खत कारखान्यावरून वाद पेटला होता. पुस्तक आले तेव्हा कारखाना अजून सुरू व्हायचा होता. अशा वेळी लेखकाला दोन मोह होतात. एक, मुलाच्या हातून कारखाना अडवायचा. दुसरा, सगळे उद्ध्वस्त झालेले दाखवायचे. देसाई दोन्ही टाळतात. हरी मोर्चाबरोबर मुंबईला जातो, पण मोर्चा परतल्यावर तिथेच राहतो. जग्गूच्या खाणावळीत राबतो, शेजारच्या पानवाला यांच्याकडे घड्याळदुरुस्ती शिकतो आणि दिवाळीच्या सुमारास घरी येतो. कारखान्याचे भवितव्य त्याच्या हाती नाही. हातातले कसब मात्र त्याचे स्वतःचे आहे. कारखान्याविरुद्ध बोलण्याचे काम सय्यद अली या वृद्ध पक्षिनिरीक्षकाकडे आहे. त्याच्याकडे पाहताना सलीम अली आठवल्याशिवाय राहत नाहीत. थळच्या उत्तरेला किहीम येथे त्यांनी १९३०च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता.

चरीचा प्रश्नही असाच आहे. खोतीविरुद्धचा तो संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. नेते होते नारायण नागू पाटील. माझी नायिका तेरा वर्षांची आहे. पहिल्या खर्ड्यात घटनाक्रम लावला. दुसऱ्यात प्रत्येक प्रकरणाच्या समासात एकच प्रश्न लिहिला : इथे निर्णय कोणाचा? सभा, ठराव, वाटाघाटी हे सारे मोठ्यांचे निर्णय. शेत पडीक असताना चुलीवर काय शिजवायचे, धाकट्या भावाला कोणाकडे ठेवायचे, हे तिचे. ज्या प्रकरणात तिचा एकही निर्णय नव्हता ते काढले, किंवा दुसऱ्या प्रकरणात मिसळले.

तिसरा खर्डा माहितीचा. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. इतिहासाच्या पुस्तकात याला स्वतंत्र प्रकरण मिळेल. कादंबरीत ती बातमी कोणीतरी ओसरीवर वाचून दाखवतो आणि आत भाकरी थापणारी मुलगी ती अर्धीमुर्धी ऐकते. तिला जेवढे कळेल तेवढेच पानावर राहिले.

याच खर्ड्यात भरती-ओहोटीही तपासली. तिथीला पाऊणकी लावली की भरतीची वेळ साधारण मिळते, हे किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक असते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, एवढाच फरक. चिंबोऱ्या पकडायला मुलगी भरदुपारी जाणार असेल, तर ती तिथी अष्टमीच्या आसपासची हवी. पौर्णिमाच हवी असेल, तर तिला घरी परतायला अंधार होणार आणि आई वाट पाहणार. हिशेब नीट धरला की प्रसंगाला आपोआप ताण येतो. हिशेब चुकला तर खारेपाटातले पोर तिथेच पुस्तक मिटते.

चौथ्या खर्ड्यात भाषा. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद आगरीत. ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणणारी मुलगी विनोदासाठी आणलेली वाटू नये, म्हणून तिचे सर्वांत गंभीर बोलणेही आगरीतच ठेवले आहे. आगरी न बोलणाऱ्या वाचकाला संदर्भावरून अर्थ लागला पाहिजे. तळटीप द्यावी लागली तर ते वाक्य पुन्हा लिहायचे.

एवढ्या खर्ड्यांचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारते. संपातल्या घरांची पणतवंडे आज आमच्या भागातल्या शाळांत आहेत. पणजोबांचे नाव त्यांना सभेच्या फलकावर कधीमधी दिसते. त्या सहा वर्षांत पणजीने घर कसे चालवले हे कुठल्याच फलकावर नसते. त्यांच्यापैकी आठवीच्या मुलांना हा खर्डा मी मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ती जिथे चुळबुळ करतील तिथे समासात खूण होईल, आणि पाचवा खर्डा त्या खुणांपासून सुरू होईल.