माळ्यावरचा संगणक पुन्हा बोलू लागला

आमच्या चाळीत एका घरी माळ्यावर जुन्या लुगड्यात बांधलेले एक गाठोडे बत्तीस वर्षे पडून होते. त्या घरचे काका एका खाजगी संगणक क्लासमध्ये शिपाई होते. १९९१ साली क्लास बंद पडला. तीन महिन्यांच्या थकलेल्या पगारापोटी मालकाने काकांच्या हातात एक संगणक ठेवला. काकांनी तो विकला नाही. पोरगी शिकेल, म्हणून घरी आणला.

ताई तेव्हा सहावीत होती. रोज संध्याकाळी टी.व्ही.ला संगणक जोडून ती बसायची. वर्षभराने त्याचा अडाप्टर जळाला. दुसरा आणला. ताईने तो लावला, भिंतीवरचे बटण दाबले आणि संगणक गप्प झाला तो झालाच. "एवढी महागाची वस्तू पोरीने घालवली," असे सगळे म्हणाले. पुढे दहावीनंतर ताईने विज्ञान शाखेचे नाव काढले, तेव्हाही हीच गोष्ट तिला ऐकवली गेली. ती गप्प राहिली आणि शिवणकाम शिकली.

२०२४ च्या दिवाळीत साफसफाई करताना ताईच्या मुलाला ते गाठोडे सापडले. तो आय.टी.आय.ला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. "मामा, हा चालू होईल का?" असे विचारत तो माझ्याकडे आला. मी पेशाने कारकून, पण जुने रेडिओ उघडण्याचा मला नाद आहे. दोघांनी मिळून काम हाती घेतले.

हे यंत्र कोणते?

गाठोड्यात निघाला तो 'स्पेक्ट्रम प्लस'. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. संगणक म्हणजे मोठ्या कचेऱ्यांची मिरासदारी, असा तो काळ. १६ केबीचे यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ केबीचे १७५ पौंडांना मिळू लागले, आणि सामान्य घरातली मुले प्रोग्रॅम लिहू लागली. याला वेगळा पडदा लागत नसे, घरातला टी.व्ही. चाले. प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर ठेवता येत. १९८४ मध्ये 'प्लस' निघाला. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला.

किंमत कमी ठेवण्यासाठी एक गमतीची युक्ती केली होती. ४८ केबीपैकी वरच्या ३२ केबीसाठी ज्या चिप्स वापरल्या, त्या मोठ्या चिप्सपैकी अर्ध्या भागात दोष निघालेल्या होत्या. चांगला अर्धा भाग तेवढा कामाला लावला. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या मालातून लाखो मुलांचा संगणक उभा राहिला!

दोष सापडला

झाकण उघडले. धूळ ब्रशने झाडली. लगेच वीज लावण्याचा मोह आवरला. आधी अडाप्टर मीटरने तपासला. तो नऊ व्होल्ट बरोबर देत होता, पण मीटरची लाल सुई पिनेच्या मध्यभागी लावल्यावर अधिक दिसले. स्पेक्ट्रमला मध्यभागी उणे आणि बाहेर अधिक लागते. बाजारातले बहुतेक अडाप्टर याच्या नेमके उलट असतात, आणि या यंत्रात उलट्या विजेपासून बचावाची सोय नाही.

म्हणजे ताईने काही बिघडवले नव्हते. त्या दिवशी तिच्या जागी कोणीही बटण दाबले असते, तरी हेच झाले असते.

मग योग्य अडाप्टर लावून व्होल्टेज मोजले. खालच्या १६ केबीच्या आठ चिप्सना तीन प्रकारची वीज लागते: पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट. पाच मिळत होते, बाकी दोन गायब. ती वीज तयार करणारा छोटा ट्रान्झिस्टर जळाला होता. तो बदलला, सुकलेले कपॅसिटर बदलले. टी.व्ही.वर चित्र आले, पण उभ्या पट्ट्यांचे. पडद्यावरचे चित्र याच १६ केबीत साठवलेले असते, म्हणून चिप गेली की पट्ट्या दिसतात. बोट लावून पाहिले तर दोन चिप्स चटका देत होत्या. त्या काढून तिथे सॉकेट बसवले आणि नव्या चिप्स घातल्या.

जुन्याला नव्याची जोड

तीन सुधारणा केल्या. आत पाच व्होल्ट देणारा जुना रेग्युलेटर फार तापतो. त्याच्या जागी नवा स्विचिंग प्रकारचा बसवला. दुसरे, अँटेनाचा सिग्नल बनवणाऱ्या पत्र्याच्या डबीला बगल देऊन चित्राची तार सरळ सॉकेटला जोडली. आता नव्या टी.व्ही.च्या पिवळ्या ए.व्ही. सॉकेटवर स्वच्छ चित्र येते. तिसरे, किबोर्डखालची प्लास्टिकची पातळ पट्टी वयामुळे कडक होऊन तडकली होती. तशी नवी आजही बनते, ती मागवली. कॅसेट प्लेअरची गरजच उरली नाही. कॅसेटचा आवाज मोबाईलमध्ये भरून तार जोडली की प्रोग्रॅम चढतो.

पालकांना एक विनंती. मुलांना असली यंत्रे जरूर उघडू द्या, पण आधी प्लग काढून. जुना डबा टी.व्ही. मात्र मुळीच उघडू देऊ नका. तो बंद असतानाही आत जीवघेणा झटका बसण्याइतकी वीज असू शकते.

सगळे जुळल्यावर यंत्र काकांच्या घरी नेले. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. भाच्याने त्यांना अडाप्टरची पिन दाखवून सगळे समजावले. काका बराच वेळ पिनेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, तो अडाप्टर बाजारातून मीच आणला होता."

ताई काही बोलली नाही. पदराला हात पुसून ती किबोर्डसमोर बसली. बत्तीस वर्षांनीही तिला आठवत होते की 'पी'चे एक बटण दाबले की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो. तिने दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिली ओळ तिचे नाव छापायची, दुसरी पुन्हा पहिलीकडे जायची. पडदा तिच्या नावाने वरपासून खालपर्यंत भरला आणि संगणकाने खाली विचारले, 'स्क्रोल?' म्हणजे, पुढे जायचे का?

ताईने बटण दाबले.

आता रविवारी चाळीतली पाच-सहा मुले तिच्याकडे बसतात. बंद पडलेली वस्तू भंगारात देण्याआधी एकदा मीटर लावून पाहावा. आणि मुलीच्या हातून काही बिघडले असे म्हणण्याआधी तर जरूर पाहावा.