लाल शालूच्या कडा का फाटतात? व्हिडिओ कॉम्प्रेशन आणि रंगाचा हिशेब

माढा आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांचे व्हिडिओ मी एडिट करतो. लोकांचा ठरलेला प्रश्न असतो, "दादा, मोबाईलवर चकाचक दिसत होतं, मग टीव्हीवर नवरीच्या शालूच्या कडा फाटल्यासारख्या का दिसतात?" बऱ्याच जणांना वाटतं की कॅमेराच हलका होता. पण बहुतेक वेळा कारण असतं कॉम्प्रेशन. ते नेमकं रंगालाच आधी का कापतं आणि आपल्या हातात काय आहे, ते बघू.

कॉम्प्रेशन लागतंच कशाला?

फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा मिळून ३ बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर सेकंदाला १५५ एमबी आणि मिनिटाला साधारण ९.३ जीबी होतात. तीन तासांच्या लग्नाला दीड टीबीपेक्षा जास्त जागा लागेल! तेच शूटिंग २० एमबीपीएस बिटरेटने केलं तर मिनिटाला १५० एमबी पुरतात. म्हणजे साठातला एक भाग ठेवला, बाकीचा गेला.

पहिली कात्री रंगाला

आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातले बारकावे चांगले कळतात, रंगातले तेवढे कळत नाहीत. याचा फायदा घेऊन व्हिडिओत उजेडाची माहिती वेगळी आणि रंगाची वेगळी ठेवतात. ही युक्ती जुनीच आहे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, तरी घरातले ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालूच राहिले, ते याच वाटणीमुळे.

सेटिंगमध्ये ४:२:० असं दिसतं, त्याचा अर्थ सोपा आहे. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. फुल एचडीत रंगाचं चित्र खरं तर ९६० × ५४० एवढंच असतं. ४:२:२ मध्ये दोन ठिपक्यांत एक रंग मिळतो. ४:४:४ मध्ये प्रत्येकाला आपापला.

आता शालूकडे येऊ. एचडीच्या हिशेबात उजेडात लाल रंगाचा वाटा सुमारे २१ टक्के, हिरव्याचा ७२ आणि निळ्याचा ७ टक्के धरतात. गडद लाल शालूचे बारकावे उजेडात फारसे उतरतच नाहीत, ते रंगाच्या भागात असतात, आणि कापला गेलाय तोच भाग. हळदीचा पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, उजेडाचा वाटा ९३ टक्के. म्हणून त्याच कॅमेऱ्यात हळद टिकते आणि शालू फाटतो. हळदीला धोका वेगळाच, भर उन्हात एक्सपोजर जास्त झालं की ती पांढरट पडते.

आभाळात पट्टे का येतात?

८ बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळचं आभाळ नारंगीपासून निळ्यापर्यंत हळूहळू बदलतं. एडिटिंगमध्ये रंग ताणले की २५६ पायऱ्या कमी पडतात आणि पट्टे दिसायला लागतात.

गेलेला रंग परत येत नाही

एका घरातल्या वारलेल्या वडिलांचा नाचतानाचा एकच व्हिडिओ माझ्याकडे आला होता, तोही या फोनवरून त्या फोनवर फिरून आलेला. केशरी फेट्याचे नुसते चौकोन झाले होते. मी मूळ फाइल शोधायला सांगितली. ती एका भाच्याच्या जुन्या फोनात सापडली, तिच्यात फेट्याचा पीळन् पीळ दिसत होता. कारण दर वेळी फाइल नव्याने कॉम्प्रेस झाली की थोडी माहिती कायमची जाते. ४:२:० ची फाइल ४:२:२ मध्ये कन्व्हर्ट केली तरी साइज वाढते, रंग काही वाढत नाही.

मग करायचं काय?

• शूटिंगला मिळेल तेवढा जास्त बिटरेट ठेवा. कॅमेऱ्यात १० बिट ४:२:२ असेल तर तेच वापरा.
• व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर लॉक करा. एडिटिंगमध्ये रंग जितके कमी ओढावे लागतील तितकं बरं.
• एडिटिंग मूळ फाइलवरच करा. मधली फाइल बनवायचीच असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर घ्या.
• तयार झालेली एमपी४ परत उघडून एडिट करू नका. बदल प्रोजेक्टमध्ये करा आणि पुन्हा एक्सपोर्ट करा.
• व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.
• मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

आणि घरातल्या जुन्या फोनात कुणाचा व्हिडिओ असेल, तर फोन विकण्याआधी तो केबल लावून उतरवून घ्या.