न सांगितलेलें दुखणें

आमच्या कुटुंबानें वयाच्या ५४ व्या वर्षीं आपलें अंथरूण माझ्या मातोश्रींच्या खोलींत हलविलें, तेव्हां तें मी वैराग्य समजलों. मनांतून थोडा सुखावलोंहि. तीन वर्षांनीं लघवीच्या जळजळीसाठीं तिला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्यांनीं तिची अनुमति घेऊन मला आंत बोलाविलें आणि पतिसहवासांत दुखत असे काय, असें तिला सरळ विचारलें. तिनें मान खालीं घालून होकार दिला. दुखूं लागलें म्हणूनच अंथरूण हललें होतें, आणि पस्तीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थास त्याची गंधवार्ताहि नव्हती!

बाईंनीं उलगडा केला तो असा. रजोनिवृत्ति बहुधा ४५ ते ५५ या वयांत होते. त्या सुमारास शरीरांतील इस्ट्रोजेन हा स्राव घटतो. योनिमार्गाचें अस्तर पातळ व कोरडें होतें. सहवासांत वेदना होतात आणि लघवीचे विकार वारंवार उद्भवतात. विधवेसहि हा त्रास होतो, म्हणून हा प्रश्न केवळ दांपत्याचा नव्हे. अंगांत उठणाऱ्या ऊष्म्याच्या लाटा कालांतरानें बहुधा ओसरतात. हा विकार मात्र उपचारावांचून सहसा हटत नाहीं. साधें स्निग्ध मलम, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्याच जागीं लावावयाचें अल्प मात्रेचें इस्ट्रोजेन, यांनीं पुष्कळ आराम पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीनें तें आपल्या मनानें घेऊं नये. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हां रक्त दिसलें, तर मात्र तत्काळ तपासून घ्यावें.

घरीं येऊन चरकसंहिता उघडली. चिकित्सास्थानांत वीस योनिव्यापदांची गणना आहे; कारणमीमांसा निराळी, पण त्यांतील एकीचें नांव 'शुष्का' असेंच आहे. स्त्रीस पुरुषासारखें रतिसुख नसतें, हें औद्दालकीचें मत वात्स्यायनानें मांडलें, आणि शेवटीं निर्णय तिच्या बाजूनें दिला. तें प्रकरण आम्हीं विद्यार्थिदशेंत वगळलें होतें!

हाच हक्क रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं आपल्या काळांत उघडपणें मांडला. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं म्हणून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला; डॉ. आंबेडकर त्यांचे वकील असूनहि दंड झालाच. आमच्या आजोबांच्या कपाटांत त्या मासिकाचा एकहि अंक सांपडला नाहीं.

एकत्र कुटुंबांत ही गोष्ट सांगावी कोणास? सासू सुनेस सांगत नाहीं, सून सासूस विचारीत नाहीं, आणि 'आतां या वयांत काय!' हें वाक्य दारांतच उभें असतें. आमच्याकडे औषधाची नळी आणली ती शेवटीं सुनेनेंच, कांहीं न बोलतां.

परवां कुटुंब म्हणालें, "माझ्या आईलाहि हेंच होत असेल. उगाच नाहीं ती रात्रीं उशिरापर्यंत पोथी वाचीत बसायची." जळजळ आतां थांबली आहे. अंथरूण अद्याप मातोश्रींच्या खोलींतच आहे. त्याविषयीं मीं कांहीं विचारलेलें नाहीं.