मुंबईचं सोनं, ब्रिटनीचा तळ

देऊळगाव राजाहून जालन्याकडे निघालं की थोड्याच वेळात जुन्या निजामी मुलखाची हद्द लागते. पूर्वी अलीकडे वऱ्हाडात इंग्रजी रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. त्या पलीकडच्या सरकारसाठी छापलेल्या नोटांची एक खेप १९२२ साली समुद्राच्या तळाशी गेली.

पी. अँड ओ. कंपनीची 'इजिप्त' ही बोट लंडनहून मुंबईला निघाली होती. दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदीही तिच्यावर होतं. २० मेच्या संध्याकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापासून काही अंतरावर, दाट धुक्यात, 'सेन' ही मालवाहू बोट तिच्यावर आदळली. वीसेक मिनिटांत 'इजिप्त' बुडाली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. विम्याची रक्कम लॉइड्सला मोजावी लागली आणि सोनं सव्वाशे मीटरहून खोल, गार काळोखात पडून राहिलं.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. एवढ्या खोलीवर साध्या हवेवर श्वास घेणाऱ्या पाणबुड्याला नायट्रोजनची झिंग चढते, आणि तो घाईने वर आला तर रक्तात बुडबुडे धरतात. हे सोनं काढायला उतरलेल्या इटलीच्या 'सोरिमा' कंपनीने म्हणून पाणबुड्याला पाण्याचा स्पर्शच होऊ दिला नाही. जाड काचांच्या पोलादी नळकांड्यात उभं करून त्याला खाली सोडायचं. आत दाब जमिनीवरचाच. सोबत ऑक्सिजन, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं रसायन आणि टेलिफोन. काचेतून बघत तो सांगणार. त्याबरहुकूम वरचे लोक क्रेनचा पंजा डावीकडे सरकवणार, उचलणार, सोडणार. वर लाटांनी बोट हलली की खाली पंजाही हलायचा. ऐकायला सोपं, करायला जिवावरचं काम!

१९३० च्या उन्हाळ्यात 'आर्तिल्यो' या त्यांच्या बोटीला 'इजिप्त' सापडली. पण डिसेंबरात, दारूगोळा घेऊन बुडालेलं दुसरंच एक जहाज सुरुंगाने फोडताना तो जुना दारूगोळा उडाला. 'आर्तिल्यो' त्यात बुडाली आणि मुख्य पाणबुड्या अल्बेर्तो जानी याच्यासह अनेकजण दगावले.

कंपनीने दुसरी बोट आणली. डेक एकेक करून सुरुंगाने फोडत पंजा खजिन्याच्या खोलीपर्यंत पोचला आणि जून १९३२ मध्ये सोनं वर आलं. निजामाच्या नोटाही आल्या. नाणी-नोटांच्या संग्राहकांत त्यांना आजही मागणी आहे. बाकीचा माल काढण्याचं काम पुढे १९३५ पर्यंत चाललं.