ध्वनिमुद्रणासाठी टॅब्लेट की संगणक?

चतुर्थीपूर्वी आपल्या भजनाचे ध्वनिमुद्रण घरीच करू पाहणाऱ्या मंडळासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा. मुद्रण आणि संपादन या दोन कामांच्या गरजा भिन्न आहेत, हे आधी ध्यानी घ्यावे.

मुद्रणासाठी आयपॅड उत्तम. त्यात पंखा नसतो. तानपुऱ्याच्या झंकारात लॅपटॉपच्या पंख्याची घरघर मिसळली, तर ती पुसताना सूरही खरवडला जातो. गॅरेजबँड हे ॲप त्यावर विनामूल्य मिळते.

संपादनाचे गणित वेगळे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ दर्जाच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा लागते. गायन, संवादिनी, पखवाज, झांज असे आठ ट्रॅक तासभर घेतले की चार जीबी भरले. काटछाट आणि मिश्रणासाठी मोठ्या पडद्याचा, १६ जीबी रॅमचा संगणक बरा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही. तेथे काटकसर नको.

ती करायची तर नव्या मॉडेलच्या हौसेत करावी आणि वाचलेले पैसे मायक्रोफोन व ऑडिओ इंटरफेसवर खर्चावेत. सारे एकत्र गाणार असतील, तर जितके माइक तितक्या इनपुटांचा इंटरफेस लागतो. हेडफोन मात्र तारेचेच हवेत. ब्लूटूथवरून आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि पखवाजवादकाची सम चुकते.