नाक्यावरचं भांडण घरी आलं

फास्टॅगच्या आधीचा टोलनाका आठवायचा तर मला पहिल्यांदा काकडी आठवते. उभी चिरलेली, तिखटमीठ लावलेली. रांग इतकी रेंगाळायची की खिडकीशी काकडीवाला, मग शेंगदाणेवाला, मग मोबाइलचे चार्जर विकणारा असे तिघे येऊन जायचे, तरी पुढचा ट्रक हललेला नसायचा. बूथपाशी पोचलं की ‘सुट्टे द्या’. सुट्टे नसले की हातावर दोन गोळ्या. पावती परतीला लागते म्हणून जपून ठेवायची आणि परतताना ती हमखास सापडायची नाही. मग भांडण. पण ते तिथल्या तिथे, मागच्या पन्नास हॉर्नांच्या साक्षीने व्हायचं आणि तिथेच संपायचं.

हे सगळं ज्या चौकोनी स्टिकरने पुसून टाकलं, त्याचं मूळ 2010 साली नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत आहे. बॅटरीवर चालणारी महागडी उपकरणं तेव्हा बाजारात होती. समितीने पसंत केला तो बॅटरीच नसलेला आरएफआयडी टॅग. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत शहाणा निर्णय. लेनवरचा अँटेना रेडिओलहरी सोडतो. काचेवरच्या टॅगमधला कागदाएवढा पातळ अँटेना त्यातलीच चिमूटभर ऊर्जा उचलतो, चिप जागी होते आणि आलेली लहर कमी-जास्त परतवून आपला क्रमांक कळवते. तत्त्व तसं जुनं आहे. परावर्तित लहरींवरून संदेश धाडण्याबद्दल हॅरी स्टॉकमन यांनी 1948 सालीच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे त्यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. टॅगमध्ये पैसे नसतात, असतो फक्त क्रमांक. पैसे असतात बँकेकडच्या खात्यात, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी या दोहोंच्या मधल्या वाटेवर जन्मल्या.

सुरुवात 2014 मध्ये अहमदाबाद–मुंबई पट्ट्यात झाली. डिसेंबर 2017 पासून नवी चारचाकी टॅग लावूनच शोरूमबाहेर पडू लागली. जुन्या गाड्यांसाठी 1 डिसेंबर 2019 ही तारीख होती. ती 15 डिसेंबर झाली, पुढे आणखी सरकली, आणि लग्नपत्रिकेतल्या जेवणाच्या वेळेसारखी सरकत सरकत 15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्री एकदाची पक्की झाली. टॅग नसेल तर दुप्पट टोल, हा धाक कामी आला.

फायदा झाला, आणि तो नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. रांगा आखडल्या. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने मला त्याहून मोठी वाटते ती मोजणी. नाक्यावरून गाड्या किती जातात आणि दाखवतात किती, हा आपला जुना संशय. 2012 साली मनसेचे कार्यकर्ते नाक्यानाक्यांवर गाड्या मोजायला बसले होते, ते त्याच संशयापोटी. आता प्रत्येक टॅगची खूण वेळेसकट उमटते. मालवाहू गाड्यांची ई-वे बिलंही टॅगला जोडली गेली.

मोडतं कुठे, तर टॅग वाचला जात नाही तिथे. काचेवर ऊन परतवणारा धातूचा थर असला, टॅग वाकडा चिकटवला असला किंवा काहीजण करतात तसा न चिकटवता हातातच धरला असला, की कवायत सुरू होते. ‘जरा मागं घ्या. आता पुढं. थोडं डावीकडं.’ मग हातातलं मशीन काचेवर टेकवतात. तेही गप्प राहिलं तर नंबर हाताने टाकतात, आणि त्यात एक आकडा चुकला की तिसऱ्याच माणसाचे पैसे जातात. गाडी अंगणात उभी आणि फोनवर टोल कापल्याचा एसएमएस, ही गोष्ट इतकी सर्रास घडली की असा चुकीचा टोल कापणाऱ्या वसुलीदाराला एका प्रकरणामागे 1 लाख रुपये दंड करण्यापर्यंत महामार्ग प्राधिकरणाला जावं लागलं.

लोक घाबरले मात्र भलत्याच गोष्टीला. जून 2022 मध्ये एक चित्रफीत घरोघर फिरली. सिग्नलवर काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने टॅगमधले पैसे चोरतो, अशी. ती बनावट होती. पैसे नोंदणी झालेल्या नाक्याकडेच जाऊ शकतात, घड्याळाकडे नाही. आमच्या सोसायटीत तरी काही दिवस टॅगवर खाकी कागद चिकटवलेल्या गाड्या होत्या.

यंत्राला सवलतही आपणहून कळत नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार टोलमाफीचा पास देतं. एका वर्षी तो पास काचेवर ठळक लावून आम्ही नाक्यावर शिरलो. कर्मचारी पास बघून हसला, म्हणाला, ‘जा काका, गणपती बाप्पा मोरया.’ तो बोलत होता तोवर वरच्या अँटेनाने टॅग वाचला, दांडा वर गेला, पैसे कटले. त्याचा दोष नव्हता. कागद त्याने वाचला, टॅग यंत्राने. ते पैसे परत मागायला हेल्पलाइन, बँकेचं अॅप, पासचा फोटो, तक्रार क्रमांक. रोखीच्या काळात पैसे माझ्या खिशात असायचे आणि मागणारा तो असायचा. आता पैसे आधी जातात, मागणारा मी.

आणखी एक गोष्ट कळायला मला जुनी गाडी विकावी लागली. कागदपत्रं बदलली, काचेवरचा टॅग तसाच राहिला. चूक माझीच. महिनाभराने पहाटे एसएमएस येऊ लागले : पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, तामलवाडी. टॅग बंद करायला सकाळी अॅप उघडलं, तर त्या गाडीचा सगळा प्रवास मिनिटामिनिटाच्या नोंदीसह समोर. मी घेणाऱ्याला फोन केला. टॅग बंद करतोय म्हटलं. तो ‘सॉरी काका, नवीन घेतोच आहे’ म्हणाला. मी सहज विचारलं, ‘तुळजापूरला दर्शन नीट झालं का?’

तो फोनवर जरा वेळ काहीच बोलला नाही.